मोरीपाशी केळ, कुंपणाला सीताफळ

(दृश्य: लातूर, मे महिना. उललेली काळी माती, कॅमेरा अगदी जवळ.)

या भेगेत माझा अख्खा पंजा जातो. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि अशी उलते. मग खाली राहिलेली थोडीफार ओलही या भेगांतून उडून जाते. आमचं अंगण याच मातीचं आहे.

(दृश्य: घागरींच्या रांगा, जुनी छायाचित्रं.)

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण आटलं होतं. एप्रिलमध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी पाच लाख लिटर. प्यायचं पाणी मोजून घ्यायचे दिवस ते, बागेकडे कोण बघणार? आधी लॉन गेलं. मग गुलाब, मग जास्वंद.

आवळा मात्र तगला. कुंपणाकडेच्या सीताफळाने पानं टाकली आणि पाऊस पडल्यावर ते पुन्हा फुटलं. मोरीच्या तोंडाशी असलेला कढीपत्ता तर भर मे महिन्यात हिरवागार होता, कारण भांडी विसळलेलं पाणी आई त्यालाच घालायची. पुढची बाग आम्ही या तीन झाडांकडे बघून मांडली.

(दृश्य: अंगण, गच्चीवरून.)

लॉन पुन्हा लावलं नाही. सकाळी त्यावर अनवाणी चालायला मला फार आवडायचं, पण दहा बाय दहा फुटांच्या तुकड्याला ऐन उन्हाळ्यात रोज ५० लिटरच्या आसपास पाणी लागतं. लातुरात ते पाणी गवताला घालणं मला पटत नाही.

आता ज्याची तहान मोठी, ते झाड मोरीजवळ. केळ, अळू आणि कर्दळ तिथे आहेत. त्यापुढे बादली सहज पोचेल अशा अंतरावर लिंबू आणि मोगरा. आणि पार कुंपणाला सीताफळ, शेवगा, देवचाफा, बोगनवेल, कोरफड. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पाणी वाचवणाऱ्या बागेला ‘झेरिस्केप’ असं नाव मिळालं. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडं. त्यातही हेच सांगितलंय: सारख्या तहानेची झाडं शेजारी शेजारी लावा. एका वाफ्यात कोरफड आणि गुलाब लावले, की एक कुजतं नाहीतर दुसरं वाळतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. काटक झाडालाही पहिली दोन वर्षं हाताने पाणी घालावं लागतं. मुळं खोल गेली की मगच ते आपल्या बळावर उभं राहतं. ‘याला पाणी लागत नाही’ म्हणून रोप लावून मोकळे झालात, तर पहिल्याच एप्रिलमध्ये ते हातचं जाईल.

(दृश्य: मोरीतून निघालेला पाट, केळीच्या बुडाशी.)

मोरीचं पाणी मेथी-कोथिंबिरीवर घालायचं नाही. आणि साबणाचं पाणी एकाच जागी मुरत राहिलं की काळी माती चिकट होते, नंतर दगडासारखी आवळते. म्हणून दर आठवड्याला खुरप्याने पाट वळवायचा. या आठवड्यात केळीला, पुढच्या आठवड्यात कर्दळीला.

पावसाचं पाणीही आम्ही आता गेटबाहेर जाऊ देत नाही. एका चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं छत ६० चौरस मीटरचं. ५० मिलिमीटरचा एक चांगला पाऊस झाला, की ३,००० लिटर! पन्हाळीखालून चर काढून ते आवळ्याच्या आळ्यात सोडलंय.

(दृश्य: आई पाचट पसरते आहे.)

शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. वरची माती हलवून भुसभुशीत केली की भेगा बुजतात, ओल आत राहते. अंगणात कोळपं कुठलं, आम्ही खुरपं चालवतो. त्यावर उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरतो. खोडापासून मात्र वीतभर जागा मोकळी, नाहीतर वाळवी लागते. दुपारी दोन वाजता पाचट बाजूला करून खालच्या मातीला हात लावून बघा. बाहेर चटके बसत असतात आणि खाली माती गार लागते.

(दृश्य: दोन लिंबांच्या मधोमध, मातीतून फक्त मडक्याचं तोंड वर.)

आणि हे आमचं मडकं. कुंभाराकडून आणलेलं, साधं, बिनरंगाचं. आणताना त्यात पाणी भरून तासभर ठेवून बघितलं होतं. बाहेरून ओलसर झालं, म्हणजे पाझरतं. मग गळ्यापर्यंत पुरलं. भोवतीची माती कोरडी असली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर आपोआप मंदावतो. झाडाला हवं तेवढंच मिळतं आणि मुळं मडक्याला वेढा घालून बसतात. दोन वर्षांनी एक मडकं उकरलं तेव्हा त्यावर बारीक मुळांची जाळीच चढली होती. मी ते तसंच परत पुरलं.

बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी मडक्याची छिद्रं बुजतात. तेव्हा ते आतून नारळाच्या शेंडीने घासायचं. तोंडावर झाकणी हवीच, नाहीतर आत डास अंडी घालतात आणि पाणीही उडतं.

(दृश्य: संध्याकाळ. आई झाकणी उचलते, आत काडी घालून बघते.)

“अरे, परवा भरलेलं, अजून दोन बोटं आहे बघ यात.”

“मग आज नको घालू?”

“आज राहू दे. उद्या सकाळी तांदूळ धुतले की ते पाणी घाल.”

(झाकणी बसल्याचा आवाज. दृश्य हळूहळू काळोखात.)