उरलेल्या हाताला जोड
आपल्या रोटरी क्लबचं सरतं वर्ष: चित्रफितीचं निवेदन

(दृश्य: शाळेचा हॉल, लांब टेबलं, ओळीने मांडलेले कृत्रिम हात)

या हातांचं नाव एलएन-4. यात बॅटरी नाही, मोटर नाही, वायर नाही. वजन अर्ध्या किलोच्याही आत. अमेरिकेतले डिझायनर अर्नी मेडोज यांची मुलगी एलेन अठराव्या वर्षी मोटार अपघातात गेली. तिच्या स्मरणार्थ मेडोज दांपत्याने हे काम उभं केलं, आणि हात घेणाऱ्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही हे पहिल्यापासून ठरवलं. पुढे रोटरी क्लबांनी तो देशोदेशी पोचवला. यंदा तो आपल्या तालुक्यात आला.

(दृश्य: गोठा, शेजारी कडबाकुट्टी यंत्र)

आपल्याकडे हात कसा जातो, ते या यंत्राकडे पाहिलं की कळतं. घरात दोन म्हशी असल्या तरी कडबाकुट्टी असतेच. मका, उसाचं वाढं, कडबा, सगळं या तोंडातून आत सरकवायचं. रोलर वैरण ओढून घेतात आणि पुढे पाती फिरत असतात. संध्याकाळची वेळ, धारेची घाई, वैरण अडकते, माणूस तळव्याने रेटतो आणि वैरणीबरोबर बोटंही ओढली जातात. मळणी यंत्रावरही हेच होतं. धोकादायक यंत्रांसाठी 1983 सालचा केंद्राचा कायदा आहे, पण गोठ्यात येऊन तो कोण तपासणार?

(दृश्य: पहाट, दूध संकलन केंद्रावरची रांग)

हे हात बसवायचं शिबिर भरवणं तसं सोपं होतं. हॉल मिळाला, मंडपवाल्याने खुर्च्या दिल्या, जेवणाची जबाबदारी क्लबमधल्या वहिनींनी उचलली. खरं काम होतं माणसं शोधायचं. वर्तमानपत्रात बातमी दिली, व्हॉट्सॲपवर फिरवली, आणि फोन आले ते बहुतेक पाय गमावलेल्यांचे. हात गेलेला माणूस पुढे येत नाही. कोपरापासून खाली टॉवेल गुंडाळून हिंडतो. बाई असेल तर पदराखाली झाकते, लग्नकार्याला जाणं बंद करते.

मग आपल्याच एका सदस्याने सुचवलं की कडबाकुट्टी ज्याच्या घरी, तो दूध घालायला येणारच. त्यानंतर संकलन केंद्रांवर फलक लागले. दुधाचं फॅट मोजणाऱ्या पोरांना आम्ही सगळं समजावून सांगितलं. कुणाच्या घरी कोण आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांनी, म्हणजे आशाताईंनी, वाड्यावस्त्यांवरची नावं दिली. त्यानंतर घरोघरी जाणं, चहा घेणं, पहिल्या भेटीत विषयच न काढणं. एका घरी आजी म्हणाल्या, "त्याला विचारू नका, तो उठून जाईल." तो उठून गेलाच. शिबिराच्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी फाटकाशी तो उभा होता. हा पाहा, निळ्या शर्टातला.

(दृश्य: हात बसवण्याचं काम, जवळून)

आता हात बसवताना नीट पाहा. आधी कोपर तपासतात. कोपर शाबूत हवं आणि त्याखाली साधारण चार-पाच इंच हात उरलेला हवा. तेवढी पकड नसेल तर हा हात बसत नाही. काही जणांना त्यामुळे परत पाठवावं लागलं. नंतर टोकाची कातडी पाहतात. जखम किंवा सूज असेल तर त्या दिवशी बसवायचा नाही. मग खोबणीत हात सरकवून पट्टे आवळतात. हे कौशल्याचं काम आहे. पट्टा सैल राहिला तर वजन उचलताना हात घसरतो, जास्त आवळला तर मुंग्या येतात. पट्टे आवळणारे हे स्वयंसेवक डॉक्टर नाहीत. एक हार्डवेअरचं दुकान चालवतात, दुसरे निवृत्त शिक्षक आहेत. दोघांनी रीतसर शिकून घेतलंय.

काही बोटं पक्की आहेत, काही हलतात. दुसऱ्या हाताने ती मिटायची, वस्तू पकडीत घट्ट बसते, आणि सोडायची झाली की कळ दाबायची. ऐकायला सोपं वाटतं, पण नव्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येकाला टेबलापाशी बसवून सराव करून घेतला. पेन धरायचं, पाण्याचा ग्लास उचलायचा, सायकलचं हँडल पकडायचं.

(दृश्य: पोह्यांची बशी, चमचा)

या ताई उजव्या हाताने जेवायच्या. अपघातानंतर डाव्या हाताने जेवतात, तेही सगळ्यांची पानं उठल्यावर. पहिला चमचा बशीच्या बाहेर गेला. मुलीने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला. दुसरा चमचा पाहा.

(निवेदन थांबते. पूर्ण दृश्य चालू द्यावे.)

हात घेऊन गेलेल्यांच्या घरी आपले सदस्य पुन्हा जाऊन आले. बहुतेक जण तो वापरतात, काहींनी खुंटीला टांगून ठेवलाय. त्यांच्यासाठी सरावाचं शिबिर घ्यायचं ठरलंय.

(दृश्य: रक्तदान, मोतीबिंदू तपासणी, पोलिओ बूथ)

वर्षभरात रक्तदान झालं, मोतीबिंदूची तपासणी झाली, पोलिओ रविवारी बूथवर आपली माणसं बसली. पोलिओ रोटरीने 1985 पासून हाती धरलाय. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमध्ये, हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो. तरीही शेजारच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू आहे, त्यामुळे दोन थेंब थांबवता येत नाहीत. 24 ऑक्टोबरच्या जागतिक पोलिओ दिनी शाळांमधून फेरी निघेल.

(दृश्य: पदग्रहण, अध्यक्षपदाची कॉलर)

रोटरीचं वर्ष 30 जूनला संपतं. 1 जुलैपासून क्लबची सूत्रं आपल्या नव्या अध्यक्षांकडे, म्हणजे याच शिबिराची सगळी धावपळ केलेल्या डॉक्टर ताईंकडे जात आहेत. 1989 पर्यंत रोटरीची दारं महिलांना जगभर खुली नव्हती, हे आजच्या मुलींना खरंही वाटणार नाही.

(दृश्य: वारी, चांदोबाचा लिंब, उभं रिंगण)

माउलींची पालखी आपल्या भागातून जाते, कधी जुन्या अध्यक्षांच्या काळात, कधी नव्या. सेवा मात्र ठरलेली असते. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण पाहून वारकरी पुढे निघाले की आपला तंबू लागतो. पायाच्या फोडांना मलमपट्टी, तेलाने मालिश, ओआरएसचं पाणी.

नव्या वर्षाचं मोठं काम मात्र गोठ्यातच आहे. कडबाकुट्टीच्या तोंडाला लांब पन्हाळ आणि पात्यांच्या चाकाला पत्र्याचं झाकण बसवून द्यायचं. पन्हाळ लांब असेल तर तळवा रोलरपर्यंत पोचतच नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याला हे अवघड नाही. पत्र्याचा खर्च क्लब करील, मजुरीबद्दल दोन वर्कशॉपवाल्यांशी बोलणं झालंय. सुरुवात दूध संकलन केंद्रांच्या याद्यांवरून होईल.

हातांचं पुढचं शिबिर दिवाळीनंतर. तुमच्या घरात, भावकीत, वस्तीवर कुणाचा हात गेला असेल आणि कोपराखाली चार-पाच इंच उरला असेल, तर संकलन केंद्रावर किंवा आशाताईंकडे नाव द्या. तो स्वतः देणार नाही, तुम्हीच द्या.