पंचांच्या नावाने खडे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

ऑस्ट्रेलियन माणसाच्या रोजच्या तक्रारी हा व्याख्यानाचा विषय कळवला, तेव्हा इतक्या सुखवस्तू देशात तक्रार करायला उरते तरी काय, असे मला विचारण्यात आले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर, भरपूर उरते, असे आहे. गंमत अशी की तिथला माणूस स्वतःला तक्रारखोर मानत नाही. तो मान त्याने फार पूर्वीच तिथे येऊन स्थायिक झालेल्या इंग्रजांना बहाल करून टाकला असून ‘व्हिंजिंग पॉम’ म्हणजे रडगाणे गाणारा इंग्रज, ही त्याची आवडती थट्टा आहे. प्रत्यक्षात १९६७ साली रेडिओवर श्रोत्यांचे फोन थेट प्रसारित करायला परवानगी मिळाली आणि तेव्हापासून सकाळच्या या कार्यक्रमांत खड्ड्यांपासून पंतप्रधानांपर्यंत सर्वांचा समाचार घेतला जातो. मेलबर्नमध्ये गाडी चालवताना मी ते आवडीने ऐकतो. ते ऐकता ऐकता माझे एक मत बनले आहे. ऑस्ट्रेलियन माणसाच्या कुरकुरीचा रोख प्रतिस्पर्ध्यापेक्षा पंचावर जास्त असतो. प्रत्येक व्यवहारात कोणीतरी पंच असलाच पाहिजे आणि त्याने निःपक्षपातीपणे वागलेच पाहिजे, हे त्याने गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीत जिथे चुकते तिथे त्याची कुरकुर सुरू होते.

आधी खेळाकडे वळू. मार्च उजाडला की मेलबर्न शहर क्रिकेट आवरते आणि ‘फुटी’च्या अधीन होते. हा आपल्याला ठाऊक असलेला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, मैदान क्रिकेटचेच, एका बाजूला अठरा खेळाडू, आणि चेंडू फेकायला बंदी. तो पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने टोलवायचा. यातला एक नियम सगळ्या भांडणांचे मूळ आहे. चेंडू तुमच्या हातात असताना प्रतिस्पर्ध्याने तुम्हाला पकडले, आणि त्याआधी चेंडू सोडण्याची संधी तुम्हाला मिळालेली होती, तर तो ताबडतोब आणि रीतसर सोडला पाहिजे. नाही तर चेंडू समोरच्या संघाला मिळतो. संधी मिळाली होती की नव्हती, हे पंचाने पापणी लवते न लवते तोच ठरवायचे असते. एमसीजी या मेलबर्नच्या मैदानावर ऐंशी-नव्वद हजार माणसे जमलेली असतात, आणि एखादा खेळाडू पकडला गेला रे गेला की पकडणाऱ्या संघाचे झाडून सारे समर्थक, गळ्यात संघाच्या रंगांचा मफलर गुंडाळलेल्या आजीबाईंपासून बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरापर्यंत, एका दमात ‘बॉऽऽल!’ असे ओरडतात. पंचाने शिट्टी वाजवली तर तो कर्तव्याला जागला, आणि नाही वाजवली तर आंधळा. दोन मिनिटांनी आपला खेळाडू तसाच पकडला गेला की हीच माणसे दोन्ही हात पसरून, बिचाऱ्याला संधीच कुठे मिळाली, असे विचारू लागतात.

हात पसरण्यावरून आठवले. २०२२ च्या हंगामात फुटीचे सामने भरवणाऱ्या एएफएल या संघटनेने पंचांचा मान राखण्यासाठी फर्मान काढले की खेळाडूने पंचाच्या निर्णयावर हात पसरून नाराजी दाखवली तरी पन्नास मीटरची शिक्षा होईल. पन्नास मीटर पुढून चेंडू मारायला मिळणे म्हणजे बहुधा गोल झालाच. मग कोणाचा हात नाराजीने उठला आणि कोणाचा सहज उठला, यावर आठवडेच्या आठवडे वाद रंगले. कुरकुरीवर घातलेली बंदी हीच त्या वर्षीची सर्वांत मोठी कुरकुर ठरली.

पण पंच खरोखरच चुकला तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ॲडलेडच्या संघाचा सिडनीशी सामना होता. अखेरच्या मिनिटांत ॲडलेडच्या बेन कीझने मारलेला चेंडू खांबाला न लागता आत गेला. गोल-पंचाला मात्र तो खांबाला लागल्यासारखा वाटला आणि सहा गुणांऐवजी एकच गुण दिला गेला. चित्रफीत पाहून खात्री करण्याची सोय हाताशी असूनही कोणी ती वापरली नाही. ॲडलेड एका गुणाने हरले आणि त्यांची बाद फेरीची आशा मावळली. दुसऱ्याच दिवशी एएफएलच्या प्रमुखांनी पत्रकारांसमोर येऊन चूक मान्य केली. निकाल अर्थातच बदलला नाही. ॲडलेडमध्ये हा विषय आजही काढू नये, हा माझा अनुभवी सल्ला समजा.

क्रिकेटविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपण सगळेच तज्ज्ञ आहोत. जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीनंतर पंचांच्या नावाने खडे फोडण्याची पाळी आपली होती आणि स्टीव्ह बकनर यांना पुढच्या पर्थ कसोटीतून बाजूला व्हावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. मला त्याहून बोलके वाटते ते मार्च २०१८ चे केपटाउन प्रकरण. चेंडूला सँडपेपर घासल्याबद्दल आयसीसीने स्टीव्ह स्मिथला एका कसोटीची बंदी घातली. ऑस्ट्रेलियात संताप उसळला तो एवढ्याने भागले म्हणून, आणि तिथल्या मंडळाने स्मिथ व वॉर्नर यांना बारा महिने, तर बँक्रॉफ्टला नऊ महिने घरी बसवले. आपल्याच कर्णधाराला शिक्षा कमी झाली म्हणून खवळणारा प्रेक्षक मी तोवर पाहिला नव्हता.

राजकारणातही हाच पंच शोधण्याचा स्वभाव दिसतो. १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्क्यांहून कमी मतदान झाले, म्हणून १९२४ साली संघराज्याच्या निवडणुकांसाठी मतदान सक्तीचे करण्यात आले, आणि १९२५ मध्ये आकडा एक्याण्णव टक्क्यांच्या वर गेला. आज सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर घरी वीस डॉलर दंडाची नोटीस येते. साहजिकच, एकही उमेदवार धड नसताना मी शनिवारची सकाळ का घालवायची, ही तक्रार दर तीन वर्षांनी ऐकू येते. मत द्यायचे म्हणजे एका नावापुढे खूण करून सुटका नसते. लोकप्रतिनिधीगृहाच्या मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवाराला पसंतीचा क्रमांक द्यावा लागतो, आणि सिनेटची मतपत्रिका तर पुठ्ठ्याच्या इवल्याशा आडोशात उलगडताना शेजाऱ्याच्या आडोशात घुसते. त्यात हातात शिसपेन्सिल दिलेली असते, म्हणून कोणी खोडले तर काय, असा संशय घेणारेही भेटतात. स्वतःचे पेन आणायला कोणाची ना नसते, पण आणतात थोडेच. शाळेच्या फाटकाशी सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते कागद हातात कोंबतात आणि आवारात पालकसंघाच्या शेगडीवर सॉसेज व कांदा परतला जात असतो. पावाच्या एका स्लाइसमध्ये गुंडाळलेल्या या सॉसेजला ‘डेमोक्रसी सॉसेज’ म्हणतात, आणि ज्या केंद्रावर ते नसते तिथल्या मतदारांचा विरस खोटा नसतो.

इतकी कुरकुर होते, पण निवडणूक आयोगाच्या सचोटीवर सर्वसामान्य माणूस फारसा शंका घेत नाही. २०१३ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात सिनेटच्या फेरमोजणीच्या वेळी १,३७० मतपत्रिका गहाळ झाल्याचे उघड झाले. लढत फारच अटीतटीची असल्याने न्यायालयाने त्या राज्यातली सिनेटची निवडणूक रद्द केली, एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या सर्वांना पुन्हा मतदानाला जावे लागले आणि निवडणूक आयुक्तांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री बॅरी ओफॅरेल एका दारूच्या बाटलीपायी गेले. बाटली १९५९ सालची ग्रेंज, किंमत सुमारे तीन हजार डॉलर. अशी भेट मिळाल्याचे आठवत नाही, असे त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगापुढे शपथेवर सांगितले आणि त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी समोर आली. त्यांनी लाच घेतली असे कोणी म्हणत नव्हते, तरी ते पायउतार झाले. पुढे २०२० मध्ये हेच गृहस्थ ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत आले. आपल्याकडच्या मापाने तीन हजार डॉलर म्हणजे काय, हे मी श्रोत्यांवर सोपवतो.

राजकारणातला खरा राग मात्र वेगळ्या गोष्टीचा आहे. २०१० ते २०१८ या काळात चार वेळा पंतप्रधान बदलले ते मतपेटीतून नव्हे, पक्षाच्या बंद खोलीतून: रड यांच्या जागी गिलार्ड, गिलार्ड यांच्या जागी पुन्हा रड, ॲबट यांच्या जागी टर्नबुल आणि टर्नबुल यांच्या जागी मॉरिसन. निर्णय आम्ही द्यायचा आणि तो फिरवायचा तुम्ही, हे मतदाराला झोंबले, आणि दोन्ही मोठ्या पक्षांना नेता बदलणे अवघड करणारे नियम करावे लागले. तीन वर्षांची मुदत फार तोकडी आहे, हेही सगळे म्हणतात. पण ती चार वर्षे करण्याचा प्रस्ताव १९८८ च्या सार्वमतात आला तेव्हा त्याच्या बाजूने जेमतेम तेहतीस टक्के मते पडली.

दैनंदिन जीवनातल्या तक्रारींना अंत नाही. माझ्या भागात कचऱ्याचे चार डबे असतात: लाल, पिवळ्या, हिरव्या आणि जांभळ्या झाकणांचे. लाल डबा पंधरवड्यातून एकदाच नेतात, आणि घरात तान्हे मूल असेल तर उन्हाळ्यातल्या दुसऱ्या आठवड्यात त्या डब्याकडे जाणाऱ्याला धीर एकवटावा लागतो. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांत कोणत्या आठवड्यात कोणता डबा, ही विचारपूस हवापाण्याच्या गप्पांच्या आधी होते. २०१८ साली वुलवर्थ्स आणि कोल्स या दोन बलाढ्य दुकानसाखळ्यांनी फुकटच्या पातळ प्लॅस्टिक पिशव्या बंद केल्या, तेव्हा लोक गल्ल्यावरच्या पोरीपोरांवर डाफरू लागले. मग कोल्सने पंधरा सेंटची जाड पिशवी बेमुदत फुकट देण्याचे जाहीर केले. त्यावर पर्यावरणप्रेमींनी असा गहजब केला की दुसऱ्याच दिवशी कंपनीने त्या सवलतीलाही मुदत घातली. पिशवीचे भांडण मिटले, पण या दोघांच्या हाती किराणा बाजाराचा निम्म्याहून कितीतरी मोठा हिस्सा आहे, ही तक्रार खोलवर जाते. आधी भाव वाढवून नंतर ‘भाव उतरले’ असे फलक लावल्याच्या आरोपावरून ग्राहक व स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये दोघांनाही न्यायालयात खेचले, तेव्हा लोकांना समाधान वाटले ते भाव उतरल्याचे नव्हे, शिट्टी वाजल्याचे.

इंटरनेटच्या बाबतीत तर खेळ चालू असतानाच नियम बदलले गेले. २००९ साली नव्वद टक्के घरांपर्यंत थेट फायबर नेण्याची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. २०१३ मध्ये सरकार बदलले आणि खर्च वाचवण्यासाठी जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवर काम भागवायचे ठरले. २०२० मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला लाखो घरांसाठी पुन्हा फायबरकडे वळावे लागले.

इथवर सांगितलेल्या तक्रारी बऱ्या होतात किंवा निदान तडीस तरी लागतात. ज्या वर्षानुवर्षे चालूच राहतात त्यांचे गणित निराळे आहे. घरांच्या किमतींचेच पाहा. तरुणांना घर परवडत नाही, यावर सगळ्या देशाचे एकमत आहे. भाड्याने दिलेल्या घरावरचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करू देणारी सवलत आणि १९९९ पासून भांडवली नफ्यावर मिळणारी पन्नास टक्क्यांची सूट ही त्यामागची कारणे असल्याचे अनेक अर्थतज्ज्ञ सांगतात. मजूर पक्षाने २०१९ मध्ये दोन्हींना कात्री लावण्याचे आश्वासन देऊन निवडणूक लढवली आणि तो हरला. पराभवाची इतरही कारणे होती, पण धडा घेतला गेला तो हाच, आणि २०२२ मध्ये ते आश्वासन गुंडाळून ठेवून तो जिंकला. दोनतृतीयांश कुटुंबांचे घर स्वतःच्या मालकीचे आहे. मुलाला घर मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्या बापाला आपल्या घराची किंमत उतरायला नको असते, आणि इथे पंचाकडे पाहून ओरडण्यात अर्थ नसतो, कारण मतपेटीतला पंच तो स्वतःच आहे. आमची मराठी मंडळीही दुसरे घर घेतले की या विषयावर बरीच मवाळ होतात.

जुगाराची गोष्ट याच्याही पुढची आहे. दरडोई जुगारात हरण्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाची गणना जगात सर्वांत वर होते. सामना चालू असताना रात्री साडेआठच्या आत जुगाराच्या जाहिराती दाखवायच्या नाहीत, असा नियम २०१८ मध्ये झाला. पण शुक्रवारचा फुटीचा सामना साडेआठच्या बराच पुढे जातो. शाळकरी मुलांना संघांच्या गुणांबरोबर त्यांच्यावरचे भावही पाठ असतात, ही पालकांची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. खासदार पेटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने जून २०२३ मध्ये एकतीस शिफारशी केल्या. ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद कराव्यात, ही त्यांतली मुख्य. त्याच डिसेंबरात मर्फी यांचे कर्करोगाने निधन झाले. अहवालाला सर्व पक्षांच्या सदस्यांचा पाठिंबा होता, तरी मे २०२५ ची निवडणूक येऊन गेली तेव्हाही असा कायदा झालेला नव्हता. कारण उघड आहे. वाहिन्यांना जाहिरातींचे पैसे मिळतात, आणि सामन्यांवर लागणाऱ्या पैजांतला वाटा ते सामने भरवणाऱ्या संघटनांकडेच जातो. पंचाशी हुज्जत घातली म्हणून खेळाडूला पन्नास मीटरची शिक्षा देणारी एएफएल त्या वाटेकऱ्यांपैकीच एक आहे.

माझे बोलणे इथे संपवतो. आपल्या काही शंका असतील तर त्या आता विचाराव्यात.