नाव न सांगता गेलेल्या गिऱ्हाइकाचा शोध

श्रोतेहो, नमस्कार.

लहान धंदा कसा उभा राहिला हे सांगताना भांडवल, जागा, परवाना यांचा हिशेब आपण तपशिलाने सांगतो; पण ऐन अडचणीच्या वेळी एखाद्या परक्या माणसाने हात दिला असेल, तर तो प्रसंग मात्र ‘देवच भेटला म्हणायचा’ एवढ्यावर उरकतो. तो देव खरे तर आपल्या कामाच्या घाईत असलेला, चार पैसे आणि थोडा विश्वास जवळ बाळगणारा एक साधा माणूस असतो. त्याला शोधण्याचा रीतसर प्रयत्न करता येतो आणि आज त्या प्रयत्नाविषयीच बोलायचे आहे.

मोठ्या उद्योगांना अशा शोधाची गरज सहसा पडत नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये संगणक-उद्योजक अँडी बेक्टोलशाइम यांनी गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांना एक लाख डॉलरचा धनादेश ‘गूगल इन्कॉर्पोरेटेड’ या नावाने लिहून दिला, तेव्हा त्या नावाची कंपनी अजून नोंदलेलीही नव्हती. सप्टेंबरात नोंदणी झाली, बँकेत खाते उघडले, तेव्हा कुठे तो वटवता आला. पण धनादेशावर सही होती आणि मुख्य म्हणजे ती गुंतवणूक होती. लहान धंद्याला मदत करणारा बहुधा रोख पैसे देतो, एखादे काम देतो किंवा कुणाकडे शब्द टाकतो, आणि निघून जातो.

तरीही कागद मागे राहतात. माझ्या परिचयाच्या एक बाई शिवणकाम करतात. धंद्याच्या सुरुवातीला, यंत्राचा हप्ता थकलेला असताना, पिशवीचा तुटलेला बंद शिवून घ्यायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांची शिलाई उलटसुलट करून पाहिली, पडद्यांचे मोठे काम दिले आणि विसार म्हणून थोडी रक्कम न देता सगळे पैसे आगाऊ मोजले. त्या पैशांतून कापड आले, हप्ताही फिटला. पुढे कितीतरी वर्षांनी बाईंनी त्यांना शोधायचे ठरवले, तेव्हा त्या आधी चेहरा आठवत बसल्या. चेहऱ्याची आठवण अशा कामी फारशी येत नाही, कारण कृतज्ञतेने माणूस आठवणीत आपोआप उंच आणि हसतमुख होत जातो. मग त्यांनी जुने पावतीपुस्तक काढले. स्थळप्रतीवर नावाच्या जागी नुसते ‘रोख’ लिहिलेले होते, कार्बनची शाई पुसट झाली होती. पण पान उलटल्यावर पाठीमागे पेन्सिलीने खिडक्यांची मापे टिपलेली दिसली. सगळ्या खिडक्या एकाच मापाच्या होत्या आणि पडदे खिडकीच्या निम्म्या उंचीचेच मागितले होते. घरातल्या खिडक्या अशा नसतात; हे वसतिगृह किंवा रुग्णालय असणार, असे त्या मापांवरूनच कळत होते. आता प्रश्न ‘ते गृहस्थ कोण?’ असा राहिला नाही. ‘अशा खिडक्या कुणी बसवल्या?’ असा झाला, आणि त्याचे उत्तर सुतारांना विचारता येत होते.

धंद्यातला शोध असा धंद्याच्याच वाटेने जातो. स्टॅन्ली मिलग्रॅम आणि जेफ्री ट्रॅव्हर्स या अमेरिकी संशोधकांचा १९६९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत २९६ जणांना त्यांनी एका शेअर दलालापर्यंत केवळ ओळखीओळखीतून टपाल पोचवायला सांगितले. सरासरी पाचेक मध्यस्थांत ते पोचले, एवढीच गोष्ट लोक कौतुकाने सांगतात; २९६ पैकी फक्त ६४ साखळ्या पूर्ण झाल्या, हे सोयीस्करपणे विसरले जाते. मला मात्र त्यातला एक वेगळा तपशील मोलाचा वाटतो. त्या ६४ पैकी १६ वेळा शेवटचा मध्यस्थ एकच माणूस होता आणि तो कापडचोपडाचा व्यापारी होता. ज्याच्याकडे नाना तऱ्हेची माणसे येतात, त्याच्याकडे दुवे जमा होतात. म्हणून शोध घेताना घरच्यांना पुन्हापुन्हा विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्यांना ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. माल पोचवणारा, यंत्राची दुरुस्ती करणारा, जुना जागामालक, शेजारचा दुकानदार अशा जेमतेम ओळखीच्या माणसांकडे जावे. बाईंना अखेरीस एका सुतारानेच ती इमारत सांगितली.

इथे एक गोष्ट नाजूक आहे. त्या गृहस्थांनी तिथले काम केव्हाच सोडले होते आणि तिथल्या कार्यालयाने त्यांचा पत्ता द्यायला नकार दिला. बाईंना वाईट वाटले, पण कार्यालयाचे वागणे रास्त होते असे मी म्हणेन. युद्धात आणि आपत्तीत ताटातूट झालेल्यांचा शोध घेणारी रेड क्रॉस संघटनादेखील, माणूस सापडला तरी त्याची संमती घेतल्याशिवाय त्याचा पत्ता नातेवाइकांना देत नाही. जिथे रक्ताच्या नात्यालाही हा नियम आहे, तिथे आभार मानायला निघालेल्याने तो मोडू नये. ज्याने नाव सांगितले नाही, त्याने ते मुद्दामही सांगितले नसेल. कार्यालयाने बाईंचे पत्र मात्र पुढे पाठवायचे कबूल केले आणि तेवढे पुरेसे होते.

पत्र लिहायला बसले की हात अडतो. इतक्या वर्षांनी त्यांना काय वाटेल, शब्द नीट जमतील का, असे मनात येते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नेमके हेच तपासले होते. कृतज्ञतेची पत्रे लिहिणाऱ्यांनी, मिळणाऱ्याला किती अवघडल्यासारखे होईल याचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त बांधला होता आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी. लिहिणारा शब्दांची काळजी करत राहतो आणि वाचणाऱ्यापर्यंत जिव्हाळा पोचतो. तेव्हा पत्र लहान असावे, काय मदत झाली आणि तिचे पुढे काय झाले हे त्यात स्पष्ट असावे. पैसे परत करण्याची भाषा पहिल्याच पत्रात नको, कारण त्याने मदतीचे कर्ज होऊन बसते आणि समोरचा संकोचतो.

कागदाचा दुवाच नसेल आणि जाहीर आवाहन करण्याखेरीज मार्ग उरला नसेल, तर साल, हंगाम, धंद्याचा प्रकार आणि मदतीचे स्वरूप सांगावे. त्या व्यक्तीचे वर्णन, जात, व्यंग किंवा गाडीचा क्रमांक असे काही सांगू नये. एक तपशील मात्र स्वतःजवळ राखून ठेवावा. बाईंनी आवाहन केले असते, तर पडद्यांचे काम सांगितले असते आणि पिशवीच्या बंदाविषयी मौन पाळले असते. ‘तो मीच’ म्हणून कुणी पुढे आले, तर आधी त्यांना विचारायचे, ‘आपण त्या दिवशी मुळात कशासाठी आला होता?’

नमस्कार.