चावी देण्याआधी
(वाचनालयाच्या मासिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेबलावरची ही पेटी बघून मघाशी एका आजींनी विचारलं, "अहो, कर्णा कुठाय?" कर्णा आहे, पेटीच्या पोटात आहे. हे एचएमव्हीचं १०२ नंबरचं पोर्टेबल, म्हणजे हातात धरून न्यायचं ग्रामोफोनचं यंत्र. १९३१ साली बाजारात आलं आणि दुसरं महायुद्ध संपल्यावरही कितीतरी वर्षं निघत राहिलं. सहलीला न्यायची पेटी, म्हणून कर्णा आत वळणं देऊन बसवला. मागच्या तोंडातून आवाज निघतो, उघड्या झाकणावर आपटतो आणि तुमच्याकडे येतो.

पण ग्रामोफोन म्हटलं की आपल्याला पितळी भोंगाच दिसतो. मलाही दिसायचा. त्या पायी पंधरा वर्षांपूर्वी एका जुन्या बाजारात मी चांगले पैसे मोजून भोंग्याचं एक यंत्र घरी आणलं. चकचकीत पितळ, अष्टकोनी पेटी, पुढे एचएमव्हीचं कुत्र्याचं चित्र. उघडून पाहिलं तर मोटर कुठल्यातरी मोडीत काढलेल्या पोर्टेबलची, लाकूड नवं, त्यावर जुनेपणाचा रंग मारलेला. असली यंत्रं आपल्याच देशात बनतात आणि परदेशी पर्यटकांपर्यंत जातात. जुने कर्णे बरेचसे रंगवलेल्या पत्र्याचे, काही लाकडी. तेव्हा पितळ फार चमकायला लागलं की खिशावर हात ठेवायचा.

कुत्र्यावरून आठवलं. आपल्याकडे अजूनही कुणी कुणी याला 'फोनो' म्हणतं. फोनोग्राफ एडिसनचा, १८७७ सालचा. त्यावर नळकांडं फिरायचं आणि घरच्या घरी आवाज भरताही यायचा. सपाट तबकडीचा ग्रामोफोन नंतरचा, बर्लिनरचा. तो फक्त वाजवतो. फ्रान्सिस बरॉडच्या मूळ चित्रातला निपर कुत्रा एडिसनच्या फोनोग्राफपुढेच बसला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं, तेव्हा बरॉडने त्या फोनोग्राफवर रंग चढवून ग्रामोफोन काढला. त्यामुळे 'फोनो' म्हणणाऱ्यांना हसू नका, कुत्राही आधी फोनोच ऐकत होता.

ही पेटी मात्र बाजारातून आली नाही. आत्याचा वाडा पाडायचा ठरला आणि आत्तेभावाचा फोन आला, "माळ्यावर एक काळी पेटी आहे, शिवणयंत्राची असेल. नेतोस का भंगारात देऊ?" वरचं कापड झुरळांनी खाल्लेलं, कड्यांना गंज. आत सहा तबकड्या, त्यातल्या दोन फुटलेल्या. चावी तिच्या खाचेत शाबूत. मला सगळ्यात आनंद झाला तो चावीचा. कारण चावी हरवते.

आणि इथेच पहिली चूक होते. चावी सापडली की माणूस लगेच फिरवतो. फिरवू नका! आत अंगठ्याएवढ्या रुंदीची, काही मीटर लांबीची पोलादी पट्टी, म्हणजेच स्प्रिंग, गोल डब्यात गुंडाळून बसवलेली असते. तिचं ग्रॅफाइट ग्रीस इतक्या वर्षांत डांबर झालेलं असतं. वेढे एकमेकांना चिकटतात, मग सुटताना एकदम सुटतात. गाणं चालू असताना पेटीतून 'धप' असा आवाज येतो तो त्याचाच. मोटर उघडण्याआधी स्प्रिंग पूर्ण उतरलेली हवी. मी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं पोरांना सुरक्षिततेचे नियम शिकवले. निवृत्तीनंतर या पेटीची स्प्रिंग काढताना ती हातातून सुटली आणि तळहाताला चार टाके पडले. पोरांना कळवलं नाही.

पट्टी घासलेटात धुतली, पुसली, नवं ग्रीस भरून पुन्हा डब्यात घातली. याला एक अख्खी दुपार आणि दुसऱ्या माणसाचे दोन हात लागतात. बाकीची मोटर सोपी. गती सांभाळणारा गव्हर्नर मात्र बघण्यासारखा असतो. पात्यांवर बसवलेले तीन छोटे गोळे गरागरा फिरतात, वेग वाढला की बाहेर फाकतात आणि एक चकती सरकवतात. ती चकती गादीवर घासते आणि वेग आवरला जातो. वीज नाही, काही नाही. त्या गादीला दोन थेंब तेल पुरतं. कोरडी राहिली तर ती चिवचिवते.

नंतर साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसते ते डोकं. सुईची थरथर एका पातळ चकतीला जाते आणि चकती हवा हलवते. जुन्या साउंडबॉक्समध्ये ही चकती अभ्रकाची असते, या मॉडेलमध्ये धातूची. चकती टिकते, तिच्या कडेचं रबर टिकत नाही. ते कडक होऊन काचेसारखं तुटतं आणि गाणाऱ्याच्या घशात माशी बसल्यासारखा आवाज येतो. अभ्रकाच्या एका साउंडबॉक्सला मी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून बसवली होती, झकास चालली. कापडाला मात्र मी हात लावला नाही. झुरळांनी खाल्लेलं आहे तसं आहे. एकाने सुचवलं, "नवं रेक्झिन लावून देतो." मी म्हटलं, मग आत्याची पेटी राहिली कुठे?

आता तबकड्यांबद्दल, कारण माझा खरा गुन्हा तिथे आहे. त्या लाखेच्या असतात. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गायिका गौहर जान वगैरेंचा आवाज भरून घेतला, आणि तबकड्या दाबायला ते काम जर्मनीत हॅनोव्हरला गेलं. गाणं संपल्यावर बाई इंग्रजीत आपलं नाव सांगतात ते तिथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून. लाख मुख्यतः आपल्याच देशातून बाहेर जायची आणि गाणं होऊन परत यायची. पुढे १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदहला कारखाना निघाला, १९२८ मध्ये डमडमला.

तर लाख. माझे वडील सुतार. चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटमध्ये भिजत घालायचं काम लहानपणी माझ्याकडेच. पॉलिश म्हणजे विरघळलेली लाख, हे ज्याला सहाव्या वर्षी माहीत होतं, त्याने साठाव्या वर्षी बुरशी काढायला तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी होती. पाच मिनिटांत खाचा धूसर झाल्या. ती मी ठेवून दिली आहे, वाजत नाही. तुम्ही नुसत्या कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका, मऊ ब्रश फिरवा, मधला कागद भिजू देऊ नका.

सुईचंही लक्षात असू द्या. पोलादी सुई एका बाजूपुरती. तबकडीत मुद्दाम खरखरीत पूड मिसळलेली असते, ती सुईला घासून खाचेच्या आकाराची करते. तीच सुई दुसऱ्यांदा लावलीत की उलटा हिशेब सुरू, ती खाच कापते. लोक सुई वाचवतात आणि गाणं घालवतात. आणि घरातली एलपी, म्हणजे नंतरची प्लास्टिकची तबकडी, यावर अजिबात लावू नका, या डोक्याच्या वजनाखाली ती नांगरली जाईल.

बरं, खूप बोललो. पंखे बंद करा जरा, याला आवाज वाढवायचं बटण नाही. पुढच्या रांगेतला चष्मेवाला, ये इकडे. चावी सावकाश फिरव. हाताला जड लागलं की थांब, जोर लावायचा नाही. शाब्बास. तबकडीखाली ही कागदाची पट्टी अडकवली आहे, बाहेर डोकावते ती. ज्यांच्या हातात घड्याळ आहे त्यांनी एक मिनिट धरा, बाकीच्यांनी पट्टीचे फेरे मोजा. अठ्ठ्याहत्तर यायला हवेत. आले की सुई ठेवतो.