परिपाठातले मिटलेले ओठ

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेतला परिपाठ आठवतोय ना? आमच्याकडे 'सावधान' झालं, राष्ट्रगीत सुरू झालं, की एक सर रांगांमधून फिरायचे. नजर थेट आमच्या ओठांवर. ओठ हलत नसले, की पोटरीवर छडी. मग आवाज न काढता नुसते ओठ हलवायला शिकलो. न म्हणणारा पोरगा उद्धटच, हे आम्हालाही तेव्हा पटलेलं होतं.

केरळातल्या तीन भावंडांनी तेवढंही नाटक केलं नाही. दहावी, नववी आणि पाचवीतली ही मुलं, 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाची. राष्ट्रगीताला ती अदबीनं उभी राहायची. पण आपल्या देवाखेरीज कुणाची प्रार्थना करायची नाही या श्रद्धेपायी गायची मात्र नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीही त्याच शाळेत अशाच उभ्या राहिल्या होत्या. कुणाला खटकलं नव्हतं. १९८५ च्या जुलैत एका आमदारांना खटकलं आणि प्रश्न विधानसभेत गेला. चौकशी समिती म्हणाली, मुलं कायदा पाळणारी आहेत, राष्ट्रगीताचा अनादर त्यांनी केलेला नाही. तरी २६ जुलैला त्यांना शाळेतून काढलं! समिती नेमली तरी कशाला, कोण जाणे.

उच्च न्यायालयात मुलं हरली. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी साधा प्रश्न विचारला होता: राष्ट्रगीत गायलंच पाहिजे असा कायदा आहे कुठे? नव्हता. राज्यघटनेच्या कलम १९ मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य आणि कलम २५ मधलं धर्माचं, दोन्ही मुलांच्या बाजूनं उभी राहिली.

या निकालात अमेरिकेतल्या एका खटल्याचा आधार होता. वेस्ट व्हर्जिनियात याच पंथाच्या मुलांनी झेंड्याला सलाम करायला नकार दिला होता. त्याआधी, १९४० मध्ये, तिथलं सर्वोच्च न्यायालय अशाच प्रकरणात शाळेच्या बाजूनं गेलं होतं आणि त्यानंतर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले होते. तीनच वर्षांत, ऐन महायुद्धात, न्यायालयानं आपलाच निकाल फिरवला. मला त्यातली मेख आवडते ती अशी, की न्यायमूर्ती जॅक्सन यांनी धर्माची सवलत दिलीच नाही. मनात नसलेलं वदवून घेण्याचा अधिकार सरकारला नाही, एवढंच म्हटलं. त्यामुळे देव मानणारा आणि न मानणारा, दोघांचीही सोय झाली.

आपल्याकडे अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही, असं कलम २८ सांगतं. अल्पवयीन मुलासाठी संमती द्यायची ती पालकांनी. मुलाला काय वाटतं, हे तिथं कुणी विचारत नाही.

आणि २०१३ मध्ये तर नाशिककडच्या एका शिक्षकालाच मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. प्रार्थनेला ते उभे राहायचे. हात तेवढे जोडायचे नाहीत.