जेसनमधून तलवार ही तलवारच परत यावी म्हणून

युनिटी या गेम इंजिनवर सी शार्पमध्ये लिहिलेल्या आपल्या गेममध्ये 'वस्तू' हा बेस क्लास आहे, त्यात नाव आणि वजन. त्यावरून 'तलवार' आणि 'औषध' हे क्लास काढलेत. तलवारीला धार, औषधाला मात्रा. खेळाडूच्या पिशवीत वस्तूंची लिस्ट. आता गेम जेसनमध्ये (डेटा साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) सेव्ह करून परत लोड केला की तलवारीची धार शून्य. असं का?

युनिटीची स्वतःची जेसनयुटिलिटी वापरत असाल तर नुकसान सेव्ह करतानाच झालेलं असतं. लिस्ट 'वस्तू'ची म्हणून जाहीर केली आहे ना, मग युटिलिटी 'वस्तू'चीच फील्ड लिहिते. धार फाइलमध्ये उतरतच नाही आणि एररही येत नाही. म्हणून लोडचा कोड उसवायला घेण्याआधी सेव्ह फाइल नोटपॅडमध्ये उघडा.

न्यूटनसॉफ्ट (जेसनसाठीची दुसरी लायब्ररी) धार लिहितं, पण वाचताना त्यालाही कळत नाही की हे नेमकं काय आहे. बेस क्लास अ‍ॅबस्ट्रॅक्ट ठेवा, म्हणजे ते गुपचूप नुसती 'वस्तू' बनवण्याऐवजी एक्सेप्शन देईल.

न्यूटनसॉफ्टमधलं टाइपनेमहँडलिंग हे सेटिंग चालू करणं हा झटपट इलाज, पण मी तो सुचवणार नाही. फाइलमध्ये नेमस्पेस (क्लासचा गट) आणि असेम्ब्लीसकट (कोडची तयार फाइल) क्लासचं नाव जातं. उद्या क्लास दुसऱ्या नेमस्पेसमध्ये हलवला की जुने सेव्ह मेले. शिवाय कोणता क्लास तयार करायचा हे फाइल ठरवते, आणि फाइल तर खेळाडूच्या हातात!

त्यापेक्षा बेस क्लासमध्ये 'प्रकार' हे स्ट्रिंग फील्ड ठेवा, प्रत्येक क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ते भरा आणि स्वतःचा कन्व्हर्टर (जेसनमधून ऑब्जेक्ट कसा बनवायचा ते सांगणारा क्लास) लिहा. त्यात आधी सगळं जेऑब्जेक्टमध्ये (न्यूटनसॉफ्टचा कच्चा जेसन धरून ठेवणारा क्लास) वाचायचं, 'प्रकार' बघून स्विचमध्ये रिकामा ऑब्जेक्ट तयार करायचा आणि पॉप्युलेटने भरायचा. इथे टूऑब्जेक्ट (बनवणं आणि भरणं एकदम करणारी मेथड) वापरायचा मोह होतो. कन्व्हर्टर बेस क्लासवर अ‍ॅट्रिब्यूटने लावला असेल तर तो तलवारीलाही लागू होतो, स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावतो आणि स्टॅक ओव्हरफ्लो होतो. लिहिण्याचं काम नेहमीच्या पद्धतीने चालावं म्हणून कन्व्हर्टरची कॅनराइट प्रॉपर्टी फॉल्स ठेवा.

अनोळखी 'प्रकार' आला तर? नल परत दिला तर पुढच्या सेव्हला ती वस्तू कायमची गेली. त्यासाठी 'अनोळखी वस्तू' असा एक क्लास करा, त्यात जेसनएक्स्टेन्शनडेटा लावलेली डिक्शनरी ठेवा. न समजलेली फील्ड तिथे राहतात आणि तशीच परत लिहिली जातात.

एडिटरमध्ये चालतं, फोनवर धार पुन्हा शून्य? आयएलटूसीपीपी (सी शार्पचा कोड सी प्लस प्लसमध्ये बदलणाऱ्या) बिल्डमध्ये न वापरलेला कोड छाटला जातो, आणि फक्त रिफ्लेक्शनने (गेम चालू असताना नावावरून शोधून) बोलावलेला प्रॉपर्टीचा सेटर त्याला न वापरलेलाच वाटतो. प्रिझर्व्ह अ‍ॅट्रिब्यूट लावा किंवा लिंक डॉट एक्सएमएलमध्ये (काय छाटायचं नाही त्याची यादी) नोंद करा.

सर्व्हरवर सिस्टम डॉट टेक्स्ट डॉट जेसन (डॉटनेटची स्वतःची जेसन लायब्ररी) असेल तर डॉटनेट 7 पासून जेसनडिराइव्हडटाइपची (बेसवरून काढलेले क्लास आणि त्यांच्या खुणा सांगण्याची) सोय आहे. मात्र तिथे प्रकाराची खूण ऑब्जेक्टमध्ये सर्वांत आधी यावी लागते; ही अट सैल करायचा पर्याय डॉटनेट 9 मध्ये आला, तोही आपणहून चालू करावा लागतो.