आईच्या भाषेसाठी केलेला फोन

नमस्कार मंडळी, आज जरा लांबची गोष्ट सांगणारे, पार अमेरिकेतली.

शेरी मोरागा नावाची एक नाटककार आहे, जन्म १९५२ चा, आई मेक्सिकन वंशाची आणि वडील गोरे. आईला लहानपणी परत परत शाळेतून काढून शेतावर मजुरीला नेलेलं, पोरांच्या नशिबी हे येऊ नये म्हणून घरात तिने आपली स्पॅनिश बाजूला सारून इंग्लिशच ठेवलं. शेरी रंगाने गोरी, इंग्लिश एकदम फाडफाड, ती मेक्सिकन आईची आहे याचा कुणाला पत्ताही लागला नसता. पण मोठेपणी हीच बाई स्पॅनिश शिकवणाऱ्या एका क्लासला फोन करते, फी किती विचारायला, आणि पलीकडचा माणूस, तोही लॅटिनोच, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा, म्हणतो फोनवर सांगत नाही, येऊन भेटा. तिने लिहिलंय, जिच्या पोटी जन्मले तिच्यापेक्षा चांगली शिक्षिका कोण होती, आणि मी पैसे मोजायला निघालेय! हे वाचून मला खरंच गलबलून आलं.

आता चिकाना, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या बायका, यांचं नाटक काही शून्यातून आलं नाही. १९६५ मध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या संपात 'तेआत्रो काम्पेसिनो', म्हणजे शेतमजुरांचं थिएटर, उभं राहिलं, ट्रकवर नाटकं व्हायची, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्ही भाषा एकत्र, फार मोठं काम. पण त्या चळवळीच्या नाटकात बाई म्हणजे आई नाहीतर कुणाची तरी प्रेयसी. बाईवर प्रेम करणारी बाई? ती तर गोऱ्यांची नक्कल करणारी, फितूर, मालिंचे! ही मालिंचे कोण, तर मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसची दुभाषी. भाषा येणारी बाई म्हणजे गद्दार, हा शिक्का फार जुना आहे आणि तोच लेस्बियन बाईच्या कपाळी मारला, मला याचा संताप येतो.

शेरीचं 'गिव्हिंग अप द घोस्ट' हे नाटक १९८६ ला छापून आलं. त्यात मारिसा, तिचंच लहानपण असलेली टपोरी कॉर्की, आणि मेक्सिकोत जन्मलेली अमालिया, जिच्यावर मारिसाचा जीव जडलाय. कॉर्की तर अशी बोलते की वाक्य इंग्लिशमध्ये सुरू होतं आणि मधेच स्पॅनिशमध्ये शिरतं, गल्लीतलं, ना धड या देशाचं ना त्या. थांबून अर्थ कुणी सांगत नाही. आणि पात्रांच्या यादीत चौथं नाव आहे 'द पीपल', म्हणजे समोर बसलेले प्रेक्षक, त्यांना स्पॅनिश येत असो वा नसो.